मिस्त्रीच्या घरातला कोरडा नळ

लेक: नाही म्हणजे नाही, बाबा. पिशवी मिळणार नाही.

बाबा: अगं, मी फक्त बघतो म्हटलं.

लेक: बघायला पाना कशाला लागतो?

बाबा: हात रिकामे असले की मला सुचत नाही.

लेक: मग बटाटे सोला.

बाबा: आणि ते धुवायला पाणी?

लेक: एक बादली आहे. खालच्या सिस्टरकडून मीच वर आणलीय सकाळी, तेव्हा पाण्याचं मला सांगू नका.

बाबा: बाथरूममागच्या डक्टमध्ये पाइप कापून बूच मारलंय. तेही धड नाही. आट्यांवर टेप गुंडाळलेली नाही, थेंब थेंब गळतंय. कुणाकडे शिकला मालकाचा हा माणूस, देव जाणे.

लेक: आपलं पाणी तोडलं याचा राग नाही. नीट तोडलं नाही याचा राग आहे तुम्हाला.

बाबा: दोन्हींचा आहे. दुसऱ्याचा जरा जास्त.

लेक: पण तुम्ही ते पाहिलंत कधी?

बाबा: तू झोपली होतीस. बॅटरी दातात धरली आणि वाकून पाहिलं.

लेक: मला उठवायचं ना. मी धरली असती.

बाबा: बॅटरी धरणं सोपं काम नाही. तुझी आई धरायची. मी आत डोकं घालून गळती शोधत असायचो आणि ती बाहेर उभी राहून साऱ्या जगाच्या गोष्टी सांगत असायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सून रुसली. पण उजेड कधी जागचा हलला नाही.

लेक: मी आले त्या दिवशी तुमचं पहिलं वाक्य आठवतंय? ‘कशी आहेस’ नाही. ‘माझी हत्यारांची पिशवी कुठेतरी लपव.’

बाबा: तेव्हा मी शहाणा होतो.

लेक: तपासनीस बाई येऊन जाईपर्यंत शहाणेच राहा.

बाबा: परकं माणूस घरात येणार आणि नळ कोरडा. बाई हात धुवायला गेली तर? प्लंबरचं घर आहे हे.

लेक: हेच! हेच तुम्ही दोन्ही वेळा केलंत. आईने फोनवर सगळं सांगितलंय मला.

बाबा: काय सांगितलं?

लेक: आपण कंटाळून जावं म्हणून मालकाने जिन्याचा कठडा काढून नेला. आईने भाडेकरूंच्या ऑफिसात तक्रार केली. साहेब बघायला येणार म्हटल्यावर तुम्ही काय केलंत?

बाबा: साहेब पडला असता.

लेक: म्हणून तो यायच्या आत पाइपचा नवा कठडा बसवलात!

बाबा: जाड पाइप वापरला होता. अजून हललेला नाही.

लेक: आणि साहेबांनी काय लिहून नेलं? ‘कठडा उत्तम स्थितीत.’

बाबा: उत्तमच होता. त्यात खोटं काय?

लेक: बाबा!

बाबा: बरं, बरं.

लेक: दुसऱ्या वेळी त्याने गच्चीवरचा आपला व्हॉल्व्ह बंद करून त्याचं चाक काढून नेलं. आई पुन्हा त्या ऑफिसात गेली. या वेळी शहाणपणाने तुमची पिशवीसुद्धा लपवली. तर तुम्ही स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन गच्चीवर गेलात.

बाबा: सांडशीची पकड बरी होती.

लेक: तपासायला आलेल्या बाईंना त्याच नळाचं पाणी ग्लासात भरून दिलंत! आई म्हणाली, ‘तुझ्या बाबांनी माझ्या तक्रारीवर स्वतःच्या हाताने पाणी सोडलं.’

बाबा: नंतर कितीतरी दिवस बोलली नाही माझ्याशी. समोर ताट ठेवायची आणि निघून जायची.

लेक: मग बोलली तेव्हा काय म्हणाली?

बाबा: ते राहू दे.

लेक: आज तिसरी वेळ आहे. आजही सगळं ठाकठीक दिसलं, तर त्या ऑफिसात आपलं कोणी ऐकणार नाही. मालक तर सांगत सुटलाय, करार बायकोच्या नावावर होता, बायको गेली, करार संपला, खोल्या रिकाम्या करा. आणि खरं सांगू बाबा? कधीकधी वाटतं, कशाला हे सगळं? माझ्याकडे या. एक खोली तुमच्यासाठी आहे. नळाला पाणी आहे.

बाबा: आहे. पण तुझ्या बेसिनचा नळ टपकतो.

लेक: मग या आणि दुरुस्त करा.

बाबा: येईन. दुरुस्त करीन आणि इथे परत येईन.

लेक: इथे काय राहिलंय, बाबा?

बाबा: बाथरूमच्या दारामागची खुंटी पाहिलीस?

लेक: तिचं काय?

बाबा: तुझ्या आईच्या हाताला येईल एवढी खाली ठोकलीय मी. अजून वाकून टॉवेल काढतो. तुझ्या घरी सगळ्या खुंट्या उंच आहेत.

लेक: बाबा… थांबा. दाराला कोणीतरी चावी लावतंय.

मालक: अरे वा! बाप-लेक दोघंही घरात.

लेक: दार वाजवायची पद्धत असते.

मालक: माझ्याच घराचं दार मी वाजवू? आणि चावी आहे ना माझ्याकडे. काय मिस्त्री, तब्येत कशी?

बाबा: बरी आहे. तुम्ही आत आलाच आहात तर बसा.

मालक: बसायला वेळ नाही. ती तपासणीवाली बाई निघाली म्हणे. कशाला हा तमाशा, मिस्त्री? लाइन गळत होती, म्हणून बंद केली. दुरुस्तीच चालू आहे. तुम्हीच हात मारा ना जरा. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं काम. माझी परवानगी आहे. हे बघा, कापलेला तुकडासुद्धा आणलाय.

बाबा: बघू इकडे. हा कापलाय की चावलाय? करवत बोथट होती.

लेक: बाबा, तुमचा हात पिशवी शोधतोय.

बाबा: शोधू दे. त्याला सवय आहे.

मालक: वडील असताना या इमारतीचा एकेक नळ तुम्ही सांभाळलात. वडील म्हणायचे, मिस्त्री वर राहतोय तोवर मला घोर नाही.

बाबा: तुमचे वडील आमच्याकडे यायचे तेव्हा आधी खालून हाक मारायचे. वर येऊन दार वाजवायचे. मग बाहेर उभे राहायचे.

मालक: तो काळ वेगळा होता.

बाबा: दार तेच आहे.

मालक: मिस्त्री, तुमच्या भल्याचं सांगतो. उद्या बाजारात लोक हसतील. म्हणतील, जन्मभर दुसऱ्यांचे नळ जोडले आणि याच्या घरात ठणठणाट. ती बाई तसं कागदावर लिहून नेईल. लाज नाही वाटणार?

बाबा: वाटतेय की. सकाळपासून वाटतेय.

मालक: मग जोडा ना!

बाबा: नाही.

मालक: का पण?

बाबा: माझी बायको बोलत नव्हती ना, ती एक दिवस ताट ठेवता ठेवता बोलली. म्हणाली, ‘समोरचे घड्याळजी खोली सोडून का गेले, माहीत आहे?’ मी म्हटलं, का? म्हणाली, ‘ते दुकानात गेले की मालक चावी लावून त्यांच्या खोलीत यायचे. त्यांची म्हातारी आई पलंगावर, आणि हे नुसते उभे. काही बोलायचे नाहीत. भिंती बघायचे, छत बघायचे आणि जायचे. नळ तुटला तर तुम्ही जोडाल. चावी लावून घरात येणाऱ्या माणसाला कुठला पाना लावाल?’

मालक: मी कोणाला हात लावला नाही कधी!

बाबा: नाही लावलात. म्हणूनच मला काही करता आलं नाही. ती पुढे म्हणाली, ‘प्रत्येकाच्या घरात प्लंबर नसतो. तुम्ही जोडत राहाल, ते तोडत राहतील, आणि कागदावर ही इमारत धडधाकट राहील. मग खालच्या सिस्टरवर वेळ आली की त्यांनी काय दाखवायचं?’ त्या एकट्या राहतात, मालक. हॉस्पिटलात रात्रपाळी करतात. दिवसा दाराला कडी लावून झोपतात.

लेक: हे आईने मला नव्हतं सांगितलं.

बाबा: ते माझ्यासाठी होतं.

मालक: भाषण झालं? आता माझं ऐका. करारावर तुमचं नाव नाही. तुम्ही जन्मभर बाहेरगावच्या कामांवर. इथे राहत होत्या त्या तुमच्या मिसेस. त्या गेल्या, हक्क गेला. आज तुम्ही तक्रार करा, उद्या तुमचं सामान जिन्यात असेल.

लेक: हे त्या बाईंसमोर बोलाल?

मालक: बोलतो की! खालीच थांबतो. मीच त्यांना घेऊन वर येतो.

बाबा: मालक, तो पाइपचा तुकडा ठेवून जा.

मालक: कशाला?

बाबा: तुमच्या माणसाला दाखवायचाय, करवत कशी धरायची नाही ते.

मालक: ठेवा! घाला उशाला!

लेक: गेला. बाबा, बसा. तो तुकडा किती घट्ट धरलाय तुम्ही.

बाबा: रागाने. ठेवतो खाली.

लेक: आता तरी पिशवी हवी का? मीच देते. इतकं ऐकून घेतल्यावर मला काही म्हणायचं नाही. तुमच्या पलंगावर, गादीच्या—

बाबा: गादीच्या खोळीत. माहीत आहे.

लेक: माहीत आहे?

बाबा: तू लपवलीस त्याच दिवशी कळलं. पाठीला टोचत होती.

लेक: आणि मघापासून माझ्याकडे मागताय?

बाबा: तू ‘नाही’ म्हणावंस म्हणून. घरात कोणीतरी नाही म्हणणारं लागतं.

तपासनीस: दार उघडंच आहे. आत येऊ का?

बाबा: या, मॅडम, या. बसा. पाणी—

लेक: बाबा.

बाबा: सवय आहे हो. आज नाही देता येत.

तपासनीस: मागच्या वेळी दिलं होतंत. विसरले नाही मी. ग्लास तोंडाला लावला आणि तुमच्या मिसेस माझ्याकडे अशा काही बघत होत्या, मला वाटलं, यांच्या घरातला शेवटचा घोट मीच प्यायले की काय. कुठे आहेत त्या?

बाबा: गेली. या हिवाळ्यात.

तपासनीस: अरे… मला कल्पना नव्हती. या वेळी तक्रारीवर त्यांचं नाव नव्हतं, तेव्हा वाटलं होतं, त्या वैतागल्या असतील आमच्या ऑफिसला.

बाबा: वैतागली होती. पण ऑफिसला नाही. मला.

तपासनीस: नळ कोणता? हा? कोरडा. बाथरूमचा? तोही. डक्ट कुठे आहे?

लेक: इकडून. अंधार आहे आत, ही बॅटरी घ्या. ते बघा, बूच मारलेलं. आणि हा कापलेला तुकडा. मालक स्वतःच आणून देऊन गेले.

तपासनीस: ते खाली म्हणाले, दुरुस्ती चालू आहे. दुरुस्ती असली तर भाडेकरूला आधी कळवायचं, किती वेळ लागेल ते सांगायचं, तोवर पाण्याची दुसरी काही सोय करायची. कापायचं, बूच मारायचं आणि निघून जायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

लेक: ते म्हणतात, बाबांचा इथे हक्कच नाही.

तपासनीस: मलाही तेच सांगितलं. ऐका. नवरा-बायको एका घरात राहत असले आणि ज्याच्या नावावर करार तो गेला, तर करार मागे राहिलेल्याकडे येतो. त्याच अटी, तेच घर. मालकाच्या मर्जीचा त्यात प्रश्न नाही. प्रश्न एवढाच, तुम्ही इथे राहत होता का.

लेक: ते आता सिद्ध कसं करायचं?

तपासनीस: जिना चढताना मी कठड्याला हात लावला. छान आहे. मालकांना विचारलं, हा कोणी बसवला हो? म्हणाले, मिस्त्रीने. मी विचारलं, कुठला मिस्त्री? म्हणाले, वर राहतो ना, तो.

लेक: असं म्हणाले?

तपासनीस: म्हणाले आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं. तिथेच थांबले. वर आले नाहीत. शिवाय मी स्वतः तुमच्या हातचं पाणी प्यायलेय याच घरात. मी कसं विसरीन?

बाबा: म्हणजे ते पाणी वाया गेलं नाही.

तपासनीस: नाही गेलं. अजून काही सांगायचंय?

लेक: ते चावी लावून आत येतात. आत्ताही आले होते.

तपासनीस: सांगितल्याशिवाय? हा छळ आहे. कायद्यात शब्द तोच आहे, छळ. नुसतं येऊन उभं राहिलं तरी. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, यातलं काही भाडं थकलं असलं तरी तोडता येत नाही. तुमचं तर कधी थकलेलंही नाही. आणि तक्रार केली म्हणून सामान बाहेर काढू म्हणणं, हा त्याहून मोठा गुन्हा. तशी धमकी दिली का?

बाबा: दिली. पण रागाच्या भरात बोलून गेले. पोरसवदा आहेत अजून.

लेक: बाबा!

बाबा: बरं. दिली. लिहा.

तपासनीस: लिहिलं. एक विचारू, काका? तुम्ही याच कामातले. हे तुम्ही चुटकीसरशी जोडलं असतं. मागे दोनदा तेच केलंत. आज का नाही केलं?

बाबा: बायको नको म्हणाली होती.

तपासनीस: पण त्या तर…

बाबा: हो. तरी.

तपासनीस: समजलं.

बाबा: मॅडम, एक करा. जाताना खालच्या सिस्टरना हे सांगाल का? चावीचं आणि छळाचं. माझ्यासारख्याने सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारा धीर देतोय. तुम्ही सांगितलंत तर कायदा होईल.

तपासनीस: कायदा आहेच, काका. पण सांगते. दार हळू वाजवते, झोपल्या असतील. आता मालकांना लेखी हुकूम देते. पाणी आजच्या आज सुरू. ते म्हणतील, आज प्लंबर मिळत नाही.

बाबा: मिळतो एक.

तपासनीस: तुम्ही कराल?

बाबा: मालकांनी सांगितलं तर करीन. त्यांनी स्वतः वर यायचं. आणि दार वाजवायचं.

तपासनीस: हुकुमात नाही लिहिता येत हे. तोंडी सांगते.

लेक: बाबा, जिन्यात त्या काहीतरी बोलताहेत. मालकाशीच. ऐकू येतंय का तुम्हाला? खुर्ची पुढे घ्या जरा. असे ताठ का बसलात?

बाबा: बसू दे. तुझी आई असती तर आता तीही अशीच बसली असती. पदर नीट करून.

लेक: मी तुम्हाला न्यायला आले होते, बाबा.

बाबा: माहीत आहे. तुझी बॅग बघितली मी. अर्धी रिकामी आणलीस. माझे कपडे बसावेत म्हणून.

लेक: ती तशीच परत नेते.

बाबा: रिकामी नको नेऊस. तिच्या दोन साड्या घेऊन जा. इथे नुसत्या कपाटात आहेत.

(दारावर टकटक.)

लेक: कोण आहे?

मालक: मी आहे.

बाबा: मी कोण?

मालक: मिस्त्री, आता काय… मालक. येऊ का आत?

बाबा: या.

मालक: लाइन आजच सुरू करायचीय. हुकूम आहे. तुम्ही… जोडून द्याल का?

बाबा: देतो की. पण तुमच्या माणसाने आटे पार खराब करून ठेवलेत. ते आधी साफ करावे लागतील. घाई करता येणार नाही.

मालक: नका करू घाई. मी बॅटरी धरू का?

बाबा: नको. तुम्ही तेवढी चावी टेबलावर ठेवा.

मालक: ही घ्या. आणि सिस्टरच्या खोलीची…

बाबा: ती त्यांना द्या. जागं करू नका, दाराखालून सरकवा.

मालक: बरं.

लेक: पायरीवर बसला, बाबा. जिन्यात. गेला नाही.

बाबा: बसू दे. कठडा आहे, पडणार नाही. काढ ती पिशवी. लहान पाना दे. आणि बॅटरी घेऊन ये इकडे.

लेक: कुठे धरू?

बाबा: जरा उजवीकडे. खाली. हां, बुचावर.

लेक: अशी?

बाबा: अशीच. आता बोल काहीतरी.

लेक: काय बोलू?

बाबा: काहीही. ती बोलायची.

लेक: आमच्या समोरच्या बाईंनी मांजर पाळलंय. ते रोज माझ्याच दाराशी येऊन बसतं आणि त्या मला म्हणतात, तुम्हीच काहीतरी घालत असाल. मी एकदाही काही घातलं नाही, बाबा. एकदाच थोडं दूध…

बाबा: उजेड हलतोय.

लेक: नाही, बाबा. मी हललेच नाही.

बाबा: बरं. मग माझेच डोळे असतील. जरा थांबू.